‘ए’ नको असेल, तर समितीपुढे काय मांडायचं?

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका दिग्दर्शिकेने लिहिलं आहे. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. ऊसतोड कामगारांच्या वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न लावून दिलं जातं आणि पुढच्याच हंगामात ती कारखान्याच्या थळावर, कोपीत म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत बाळंत होते, अशी गोष्ट. पैसा भावाचा, मित्रांचा आणि काही पतसंस्थेच्या कर्जाचा. सेन्सॉरच्या एक्झामिनिंग कमिटीने (ईसी) सांगितलं, की आहे तसा हवा तर ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळेल, चार ठिकाणी कट केले तर ‘यूए १६+’. त्या चार जागा अशा: कोपीतलं बाळंतपण, आईला होणारी मारहाण मुलगी बघते तो प्रसंग, नवरा मुलीला ढकलून देतो तो प्रसंग, आणि मुकादमाच्या तोंडची एक शिवी. त्या विचारतात, “कट केले तर सिनेमा मरतो. ‘ए’ घेतलं तर ज्या मुलींसाठी केला त्यांनाच दिसणार नाही. मुख्य भूमिका केलेली मुलगीसुद्धा पंधरा वर्षांची आहे. भाऊ म्हणतो तारीख जाहीर झालीय, मिळेल ते घे. मला हायकोर्टात जावंसं वाटतं, कारण त्या लोकांना सिनेमा कळलेलाच नाही. मी वाकू की लढू?”

नमस्कार,

‘वाकू की लढू’ या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न सोडवायला हवा. तुम्हाला नेमकं कोणतं प्रमाणपत्र हवंय? पत्रात एका ठिकाणी तुम्ही ‘निदान यूए १३+ तरी’ म्हणता, पुढे ‘माझ्या मते हा सगळ्यांनी बघायचा, म्हणजे यू सिनेमा आहे’ असं म्हणता. दोन्हीमागची भावना मला समजते. पण दाद मागताना मागणी एकच असावी लागते, आणि तुमच्या बाबतीत ती दोन्हींपेक्षा साधी आहे.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पूर्वीच्या एकाच ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. हे आकडे पालकांसाठीची सूचना आहेत. तेरा वर्षांच्या मुलीने ‘यूए १६+’ सिनेमा बघावा की नाही, हे तिच्या आईवडिलांनी ठरवायचं. त्यासाठी तिला दारातून परत पाठवण्याची सक्ती थिएटरवर नाही. ‘ए’चं मात्र तसं नाही. तिथे अठराच्या आतल्या प्रेक्षकाला आत घेतलं तर थिएटरवाल्यावर कारवाई होऊ शकते. पालक बरोबर असले, त्यांची परवानगी असली, तरी उपयोग नाही. म्हणजे खरी भिंत ‘ए’ आणि ‘यूए १६+’ यांच्यामध्ये आहे. त्या भिंतीच्या अलीकडे आलात, की तुमच्या नायिकेच्या वयाच्या मुली तुमचा सिनेमा बघू शकतात. तेव्हा ‘यू’चा आग्रह सोडा, ‘१३+’चाही सोडा. ‘एकही प्रसंग न काढता यूए १६+’ एवढीच मागणी ठेवा. समितीला दोन पायऱ्या खाली आणण्यापेक्षा एक पायरी खाली आणणं कितीतरी सोपं असतं.

आता तुमचं दुसरं गृहीतक, की ‘त्या लोकांना सिनेमा कळलाच नाही’. असंही होतं, नाही असं नाही. पण त्यांनी बोट ठेवलेल्या चार जागा पाहिल्यावर मला वाटतं, की त्यांनी सिनेमा नीट पाहिला आणि हातातल्या कागदाप्रमाणे निर्णय दिला. हा कागद म्हणजे केंद्र सरकारची ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं. तुम्ही ती वाचली नसतील तर आज रात्री वाचा, फार मोठी नाहीत. त्यात एक कलम असं आहे, की मुलं हिंसेचे बळी, हिंसा करणारी किंवा हिंसा बघायला भाग पडलेली साक्षीदार म्हणून दाखवली जाऊ नयेत, आणि मुलांवर कोणत्याही प्रकारचा अत्याचार होताना दाखवला जाऊ नये. तुमच्या चारपैकी तीन जागा सरळ या एका वाक्यात बसतात. आई मार खाताना मुलगी बघते, म्हणजे ती साक्षीदार. नवरा ढकलतो, तिथे ती बळी. बाळंतपण तर सगळा सिनेमा ज्याभोवती फिरतो तोच अत्याचार आहे.

पण त्याच कागदात पुढे हेही लिहिलंय, की चित्रपट संपूर्णपणे, त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने पाहावा. तो ज्या काळातला आणि ज्या लोकांचा आहे, तो काळ आणि देशातली आजची प्रमाणं लक्षात घेऊन तपासावा. कलात्मक अभिव्यक्तीवर अवाजवी बंधनं येऊ नयेत, आणि प्रमाणनाने समाजातल्या बदलांची दखल घ्यावी, हेही तिथे उद्दिष्ट म्हणून नोंदलेलं आहे.

वयोगटाविरुद्धची बहुतेक दाद याच दोन वाक्यांच्या ओढाताणीत ठरते. एक वाक्य प्रसंगाकडे बघायला सांगतं, दुसरं सबंध सिनेमाकडे. पहिल्या समितीने पहिल्या वाक्याला जास्त वजन दिलं. तुम्हाला दुसऱ्या समितीला दुसऱ्या वाक्याकडे न्यायचंय. सिनेमा चांगला आहे की वाईट, तुम्ही प्रामाणिक आहात की नाही, किती खस्ता खाल्ल्या, यातलं काहीही तिथे तोललं जात नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण तुमच्या खस्ता पत्रातून दिसतात. पण तिथे तोलला जातो तो फक्त एक प्रेक्षक आणि त्याच्या वयाला झेपेल असा किंवा न झेपणारा एक प्रसंग.

ही दुसरी समिती म्हणजे रिव्हायजिंग कमिटी, आपल्याकडे सगळे ‘आरसी’ म्हणतात ती. कोर्टाआधी तिथेच जा. ईसीचा निर्णय मान्य नसल्याचं कळवून आरसीची मागणी करणं हा अर्जदाराचा हक्क आहे, त्यात कोणाचा अवमान होत नाही. ईसीत बसलेले सदस्य आरसीत नसतात. नवी माणसं सिनेमा पहिल्यापासून बघतात आणि बहुमताने ठरवतात.

माणसं बदलली की किती फरक पडतो, याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण तमिळमधलं आहे. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा आरक्षणाच्या विषयावरचा चित्रपट १९८७ मध्ये सेन्सॉरकडे गेला. पहिल्या समितीने तो एकमताने नाकारला. पहिल्या रिव्हायजिंग कमिटीत मतं चार विरुद्ध चार पडली. दुसऱ्या रिव्हायजिंग कमिटीत पाच विरुद्ध चार, आणि प्रमाणपत्र मिळालं ‘यू’! एकमताने नाकारलेला चित्रपट एका मताच्या फरकाने सगळ्यांसाठी खुला झाला. पुढे मद्रास हायकोर्टाने ते प्रमाणपत्र रद्द केलं आणि १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत बहाल केलं. त्या निकालात कोर्टाने जी कसोटी सांगितली ती तुमच्या अर्जात असायलाच हवी: चित्रपट पारखताना सर्वसामान्य समज आणि विवेक असलेल्या माणसाची नजर धरायची, अतिसंवेदनशील माणसाची नाही. खटल्याचं नाव एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम.

आरसीत धोकाही आहे आणि तो तुम्हाला आधी माहीत असावा. ईसीने जे देऊ केलं त्याला आरसी बांधलेली नसते. ती आणखी कट सांगू शकते. दुसरं म्हणजे, ईसीने पाहिलेली प्रतच आरसीला दाखवावी लागते, मधल्या काळात त्यात काहीही बदल चालत नाही. तेव्हा ‘शिवी तेवढी काढून आरसीला देते’ असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. काय सोडायची तयारी आहे ते अर्जात लिहा किंवा सुनावणीत सांगा, प्रतीला हात लावू नका.

सोडायचं काय, धरून ठेवायचं काय? ‘कट म्हणजे सिनेमाचा मृत्यू’ हे तुमचं तिसरं गृहीतक, आणि माझा सगळ्यात जास्त मतभेद इथेच आहे. चारही जागा सारख्या नाहीत. मुकादमाची शिवी म्यूट केली तर सिनेमाचं काय जाणार आहे? उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, परत मागणारा मुकादम शिवीशिवायही तेवढाच भीतिदायक राहतो, कारण त्याच्या हातातली वही भीतिदायक आहे. ती शिवी आपणहून देऊन टाका. देणारा माणूस ऐकून घेणाराही वाटतो.

नवऱ्याने ढकलण्याच्या प्रसंगाचं तुमचं वर्णन मी नीट वाचलं. त्यात ती चुलीजवळ पडते, आणि तुम्ही तो आघात दोन कोनांतून दाखवलाय. दुसरा कोन खरंच हवाय का? हे मी सेन्सॉरच्या वतीने विचारत नाही. एकाच कोनातून हा प्रसंग जास्त लागेल, असं मला मनापासून वाटतं. आवाज थोडा खाली आणणं हाही मार्ग असतो. वयोगट ठरताना चित्राइतकंच ध्वनीचंही वजन असतं, आणि चित्र न कापता ध्वनीवर तोडगा निघू शकतो, हे पहिल्यांदा सिनेमा करणाऱ्यांच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही.

बाळंतपण मात्र सोडू नका. तुम्ही लिहिलंय, की कॅमेरा कोपीच्या बाहेर आहे, दारावर लुगड्याचा पडदा आहे, बाहेर ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया चूल पेटवून पाणी तापवतायत आणि आतून फक्त आवाज येतो. नंतर एक बाई रक्ताने माखलेलं फडकं घेऊन बाहेर येते आणि उसाच्या पाचटाखाली सारते. हे तुम्ही केलंय आणि ते संयमाने केलंय. म्हणून अर्जात नेमकं हेच मांडा. प्रसंग कितव्या मिनिटाला सुरू होतो, किती सेकंदांचा आहे, काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे लिहा. मुलीचं शरीर एकाही फ्रेममध्ये नाही, हे वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहा. मग लिहा, की चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणात जिवाला धोका असतो हे चौदा वर्षांच्या मुलीला कळावं म्हणून हा प्रसंग आहे, आणि तो काढला तर उरेल ते फक्त एक लग्न, वाजंत्रीसकट. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्या कायद्याने गुन्हा ठरवलेल्या गोष्टीचा परिणाम सिनेमा दाखवतो, त्याचं उदात्तीकरण करत नाही. समितीसाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण तत्त्वांमध्ये हिंसेचं गौरवीकरण आणि निरर्थक, टाळता येण्याजोगी हिंसा यांवर भर आहे.

आईच्या मारहाणीचा प्रसंगही असाच मांडता येईल. मुलगी ते बघते म्हणूनच पुढे लग्नाला ‘हो’ म्हणते, असं तुमच्या पटकथेत आहे. साक्षीदार असणं हीच तिथली गोष्ट आहे. हे एका परिच्छेदात लिहा, चार पानांत नको.

अर्जाबरोबर काय जोडावं? तुमच्या भागातल्या आशाताई, स्त्रीरोगतज्ज्ञ, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका यांची छोटी पत्रं जोडा. सिनेमा छान आहे अशी प्रशस्तिपत्रं नकोत. या वयाच्या मुलींना या विषयाची माहिती का हवी आणि तुमची मांडणी त्यांना पेलवेल असं का वाटतं, एवढंच त्यांनी लिहावं. त्यासाठी त्यांना सिनेमा खासगीत दाखवा. शाळेत मुलींना बसवून दाखवू नका, प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक प्रदर्शन हा वेगळाच घोळ होऊन बसेल.

सुनावणीला स्वतः जा. पहिल्या वेळी सगळं एजंटवर सोडलं होतं असं तुम्ही लिहिलंय. एजंट कागद नीट करून देतो, पण कोपीत लुगड्याचा पडदा का लावला हे त्याला सांगता येणार नाही. समिती सिनेमा बघत असताना तुम्ही बाहेर असाल. तो वेळ फार अवघड जातो, सोबत कुणालातरी न्या. आत बोलावलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण करू नका. समोरच्या माणसांचा प्रश्न बहुधा एवढाच असतो, की बारा-तेरा वर्षांचं पोर हे बघून घाबरेल का. त्याचं उत्तर द्या. ‘हो, थोडं घाबरेल, आणि त्या क्षणी पडद्यावर नायिकेसोबत टोळीतल्या बाया आहेत’, असं प्रामाणिकपणे म्हणा. ते खोडून काढणं कुणालाही कठीण जाईल.

आता कोर्ट. तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एक माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी-शेजारी ठेवणारा १६ मिनिटांचा माहितीपट केला. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. त्यांना हवं होतं ‘यू’, मिळालं ‘ए’. दुसऱ्या समितीनेही ‘ए’च सांगितलं. तेव्हा पुढची दाद केंद्र सरकारकडे होती, ते म्हणालं कट करा आणि ‘यू’ घ्या. अब्बास कोर्टात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने कट न करता ‘यू’ देऊ केलं! १९७० मधल्या निकालात कोर्टाने पूर्वप्रमाणनाची पद्धत वैध ठरवली, पण दाद मागायला सरकारऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण हवं, हा अब्बास यांचा मुद्दा सरकारला मान्य करावा लागला. त्यातून पुढे, १९८३ मध्ये, चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण अस्तित्वात आलं. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, बरोबर इतर सदस्य, सगळे मिळून सिनेमा बघायचे आणि ठरवायचे. लहान निर्मात्याला परवडेल असं ते दार होतं. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद करण्यात आलं आणि अपील थेट हायकोर्टाकडे गेलं. माझ्या मते हा निर्णय तुमच्यासारख्यांवर अन्याय करणारा होता. मोठ्या निर्मात्याला वकील उभा करता येतो. पतसंस्थेचा हप्ता भरणाऱ्या दिग्दर्शिकेला तीच गोष्ट किती महाग पडते, याचा विचार व्हायला हवा होता.

तरीही दार आहे. सेन्सॉर मंडळाच्या आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. म्हणून आरसीचा निर्णय लेखी आणि कारणांसकट मागून घ्या, आणि आदेश हाती आला की तारखेवर खूण करा. कारणं लेखी असली की वकिलाचं निम्मं काम होतं.

कोर्ट कधी कधी झपाट्याने निर्णय देतं. ‘उडता पंजाब’च्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने १३ जून २०१६ ला निकाल दिला आणि सिनेमा १७ जूनला लागला. पण तिथे भांडण कटांवर होतं, वर्ग ‘ए’च राहिला. तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं प्रकरण २०१९ मधलं. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी ही तेव्हा सरकारचीच संस्था होती, आणि तिच्या ‘चिड़ियाखाना’ या बालचित्रपटाला ‘यू’ऐवजी ‘यू/ए’ मिळालं म्हणून तिला मुंबई हायकोर्टात जावं लागलं. मुलांना कठीण गोष्टी पडद्यावर दिसूच नयेत का, हा प्रश्न तेव्हा कोर्टात खुलेपणाने विचारला गेला. तुमच्या वकिलांना ते कागद जरूर बघायला सांगा.

माझा सल्ला असा, की आरसीने कटांशिवाय किंवा तुम्हाला मान्य असलेल्या बदलांसह ‘यूए १६+’ दिलं, तर घ्या आणि पुढे चला. बाळंतपण काढायलाच लावलं तर हायकोर्टात जा, त्या एका मुद्द्यावर. फक्त मारहाणीचे प्रसंग थोडे कमी करायला सांगितले, तर कोर्टाचा खर्च करू नका.

अशीच पत्रं दुसऱ्या क्षेत्रांतूनही येतात, म्हणून थोडक्यात सांगते. ओटीटीवर थेट येणाऱ्या सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्लॅटफॉर्म स्वतःच वयोगट ठरवतो. तो चुकीचा वाटला तर आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, नंतर त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे. मोबाईल गेमच्या बाबतीत प्ले स्टोअरवरचा आकडा हा गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून येतो. तिथे निम्मे वाद प्रश्नावली घाईत भरल्यामुळे झालेले असतात, म्हणून आधी ती पुन्हा नीट भरून बघावी.

राहिला तुमच्या भावाचा मुद्दा. त्याच्यावर रागावू नका, कर्जावर सही त्याची आहे. पण त्याला एक गोष्ट दाखवून द्या. तुम्ही जाहीर केलेली तारीख मल्टिप्लेक्सची आहे, आणि मराठी सिनेमाला तिथे किती शो मिळतात हे त्यालाही माहीत आहे. तुमचा प्रेक्षक तिथे नाही. तो वसतिगृहांत, आश्रमशाळांत, तालुक्याच्या एकपडदा थिएटरमध्ये आहे. आणि या प्रेक्षकाचं वेळापत्रक ऊस ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात, मुली वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, नाहीतर बरोबर नेल्या जातात. वसंतात माणसं परततात आणि लग्नसराई सुरू होते. तुमचा सिनेमा दोन वेळा उपयोगी पडेल, टोळ्या निघण्याआधी आणि लग्नाच्या तिथी निघण्याआधी. तारीख दोन महिने पुढे गेली तर शुक्रवार हुकेल, पण यातली निदान एक वेळ तरी नक्की साधता येईल. वितरकाशी आजच बोला, पोस्टरवर नवी तारीख टाकू नका, नुसतं ‘लवकरच’ ठेवा.

आणि ‘यूए १६+’ हातात आलं की शाळांना पाठवायच्या पत्राबरोबर पालकांच्या संमतीची एक चिठ्ठी छापून द्या. सोप्या मराठीत, चार ओळींची, सिनेमात काय आहे ते न लपवता. आई-बाप गावात असतील तेव्हाच ती सही किंवा अंगठा होईल, म्हणून या चिठ्ठ्या गणपतीच्या सुमारास शाळांमध्ये पोहोचलेल्या हव्यात.